बांधावर थांबलेली खापरं

गावाचं नाव इथं येणार नाही. धाराशिव जिल्हा, तेरणेचं खोरं, तेरपासून मोटारसायकलवर तासाभराच्या आतलं अंतर, एवढ्यावर भागवून घ्यावं. माणसांची नावं नाहीत, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेले आहेत. पुरातत्त्व शिकवणाऱ्या माणसाचा असं लिहिताना हात अडखळतो. आमच्यात जागा न सांगता खापर दाखवलं तर त्याला रस्त्यावरच्या खड्याइतकीच किंमत. पण हे प्रकरण मुळात या अडखळण्याचंच आहे, म्हणून ते असंच लिहिणं भाग आहे.

विद्यार्थिनी पीएच.डी.ची. लातूरकडची, घरी कोरडवाहू शेती, इतिहासात बी.ए., मग पुण्याला जाऊन पुरातत्त्वात एम.ए. मार्गदर्शक मी. सहमार्गदर्शक बाई मानवशास्त्राच्या. आराखड्यावर त्यांचं नाव घातलं तेव्हा, खरं सांगतो, मला ती शोभेची गोष्ट वाटली होती. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द कागदावर असला की मंजुरी सोपी जाते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

विषय होता तेरच्या आसपासची सातवाहनकालीन लहान गावं. तेर म्हटलं की मराठी माणसाला आधी गोरोबाकाका आठवतात. मडक्यांच्या तुकड्यांवर जगणाऱ्या आमच्या शास्त्राला याहून शोभणारं गाव मिळायचं नाही. पण गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षं हे गाव ‘तगर’ म्हणून ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून आणखी दहा दिवसांवर तगर येतं. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून भरपूर साधं कापड नि मलमल, असा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. तेरला १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केलं, पुढंही झाली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं तिथं सरकारी संग्रहालय आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पाँपेईच्या ढिगाऱ्यात १९३८ साली मिळालेली तसलीच बाहुली आठवते. भोकरदनच्या उत्खननातही त्याच घराण्यातली एक मिळाली.

सगळ्यांचं लक्ष तेरवर, पैठणवर, बाहुल्यांवर. विद्यार्थिनीचा प्रश्न साधा होता आणि मला तो आवडला होता: एवढं कापड जायचं तर कापूस कोण पिकवत होतं, सूत कोण कातत होतं, आणि ती माणसं राहत कुठं होती? तेरच्या भोवती चार-पाच एकरांच्या वाड्या होत्या, की तेरसारखीच दुसरी मोठी गावंही होती? याचं उत्तर वस्त्यांच्या आकारावर ठरतं. म्हणून ती एकेका गावाची पांढरी मोजत निघाली.

पांढरी म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी दोन ओळी. गावाची जमीन दोन रंगांची: काळी कसायची, पांढरी राहायची. शेकडो वर्षं एकाच जागी मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख पडते, शेण पडतं, मडकी फुटतात. त्याचा उंचवटा होतो आणि माती राखाडी-पांढरी होते. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं. बाहेरचे पुरातत्त्वज्ञ ज्याला ‘टेल’ किंवा ‘माउंड’ म्हणतात, त्याला आमच्या खेड्यातलं पोरगंसुद्धा पांढरी म्हणतं, आणि त्या शब्दात इथं माणसं राहत होती हे आपोआप आलेलं असतं.

या गावची जुनी पांढरी साडेचार एकरांची उरली होती. तिच्या पूर्वेला लगोलग काळी रानं. फेब्रुवारीत ज्वारी निघाली, नांगरट झाली आणि ढेकळं फुटल्यावर विद्यार्थिनीनं मोजणी धरली. पाच मीटरचे चौकोन, ठरावीक अंतरावर, प्रत्येक चौकोनातली सगळी खापरं वेचायची, मोजायची, वजन करायचं, जागा जीपीएसवर टिपायची. उत्खनन नाही, त्यामुळं उत्खननाच्या परवान्याचा प्रश्न नाही. खोदायचं असतं तर परवान्याशिवाय कुदळ लावता येत नाही. पांढरीवर एका चौकोनात शंभराच्या पुढं खापरं यायची. पण पूर्वेच्या रानातही यायची! कुठं वीस, कुठं पंचवीस. लाल झिलईची, काळी-तांबडी, काठाला ओळखीचं वळण असलेली, म्हणजे सातवाहनकाळातलीच. ती पुढं पुढं मोजत गेली, नकाशावर ठिपके वाढत गेले. चैत्रात तिनं नकाशा माझ्यासमोर ठेवला तेव्हा साडेचार एकरांची वाडी तीस एकरांची झाली होती.

तीस एकर म्हणजे ती वाडी राहत नाही. ते पेठेचं गाव होतं. मी खूश झालो. सहामाही प्रगती बैठकीत ती आकृती आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवली, आणि ‘तगरच्या परिघातलं दुय्यम केंद्र’ असा मथळाही मीच सुचवला होता.

त्या नकाशात एक गोष्ट डोळ्यात खुपण्यासारखी होती. ठिपक्यांच्या पट्ट्याची उत्तरेकडची कड सरळ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. रेघेच्या अलीकडं चौकोनात वीस-वीस खापरं, पलीकडं एक किंवा शून्य. ती रेघ म्हणजे शेताचा बांध होता. विद्यार्थिनीनं विचारलंही, ‘सर, हे असं कसं?’ मी म्हणालो, दृश्यमानतेचा फरक असेल. एका रानात पाळी घातलेली, दुसऱ्यात हरभऱ्याची खुंटं, तिथं खापर दिसत नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, असं होतंही. पण मी ते रान पाहिलेलं नव्हतं. दोन्ही रानं सारखीच नांगरलेली होती, हे मला नंतर कळलं.

बांध कोण पाहतं? पुरातत्त्वाच्या वर्गात आम्ही थर शिकवतो, मृद्भांड्यांचे घाट शिकवतो, कार्बन १४ शिकवतो. आजचा बांध हा आम्हाला नकाशावरचा कचरा वाटतो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध नसतो, म्हणूनच तर जुन्या वस्तीच्या खुणा बांध बघून थांबायला नकोत. एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ते आलं सहमार्गदर्शक बाईंच्या लक्षात, आणि तेही खापरांमुळं नाही. त्या म्हणाल्या, ‘तीन महिने ही मुलगी लोकांच्या रानात बसून आहे. डायरीत एकाही माणसाचं बोलणं कसं नाही?’ विद्यार्थिनीच्या डायरीत चौकोनांचे क्रमांक होते, वजनं होती, ऊन किती होतं तेही होतं. रानाच्या मालकाचा उल्लेख एकदाच: ‘परवानगी मिळाली.’ बाईंनी तिला दोन आठवडे खापरं वेचायची बंद करून गावात नुसतं बसायला सांगितलं. पारावर, पिठाच्या गिरणीत, बायका जिथं बसतात तिथं. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. शिष्यवृत्तीची मुदत डोळ्यासमोर होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या रानाचे मालक, वय ऐंशीच्या घरात, तिच्याशी बोलायला बसले. ती त्यांना आबा म्हणते, मीही तसंच लिहितो.

‘काय येचायलीस गं माय, एवढ्या उन्हाचं?’

‘खापरं, आबा. जुनी हायत. तुमच्या रानात पूर्वी गाव असंल.’

आबा हसले. ‘माज्या रानात कुठलं गाव? ती समदी पांढरीची खापरं. आमच्या बापानं गाडीनं आनून टाकली.’

पांढरीची माती खताला चांगली. राख, शेण, हाडं मुरलेली, स्फुरदानं भरलेली. रासायनिक खत परवडत नव्हतं किंवा मिळत नव्हतं तेव्हा उन्हाळ्यात बैलगाड्या जुपून पांढरी खणायची आणि काळीत पसरायची, ही मराठवाड्यात, किंबहुना दख्खनभर चाललेली रीत. किती टेकाडं अशी रानात विरघळली याचा हिशोब लागणार नाही. पुस्तकातलं एक ज्ञान इथं आमच्या अंगावर उलटलं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ टोनी विल्किन्सन यांनी १९८२ साली पश्चिम आशियातल्या शेतांमधल्या विरळ खापरांचा अर्थ असा लावला होता की जुन्या काळी गावातला उकिरडा खत म्हणून शेतात जायचा, त्याबरोबर फुटकी मडकीही. म्हणजे खापरं दिसली म्हणून तिथं वस्ती असं नाही, तिथं शेती. हे मी दरवर्षी शिकवतो. मात्र आमच्या रानात खत घातलं होतं ते सातवाहनांच्या काळातल्या कुणब्यानं नाही, आबांच्या वडिलांनी. आणि खत म्हणून घातलेला माल म्हणजे खुद्द ते जुनं गावच.

यानंतर विद्यार्थिनी महिनाभर आबांकडं जात राहिली. काळ ठरवायला तिनं सनावळी विचारली नाही, तिला बाईंनी तसं बजावलं होतं. इकडं माणसं तीन खुंट्यांवर आठवणी टांगतात: रझाकार, बहात्तर, भूकंप. म्हणजे १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शनचे दिवस, १९७२चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट. आबांच्या सांगण्यात माती वाहायचं काम रझाकारांनंतर सुरू झालं, वडिलांना बैलजोडी घेता आली तेव्हा. दर उन्हाळ्यात थोडं थोडं, पांढरीजवळून सुरुवात करून पूर्वेकडं. बहात्तरला बैलं विकली. पुढं सगळे खडी फोडायला गेले आणि गाडी थांबली ती थांबलीच.

आता नकाशा पुन्हा पाहा. पूर्वेकडं खापरं हळूहळू विरळ होत गेलेली आहेत. मी त्याचा अर्थ ‘वस्तीचा परिघ’ असा लावला होता. तो परिघ म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. बैलं विकली गेली नसती तर आमची वस्ती पस्तीस एकरांची झाली असती.

पश्चिमेच्या कोपऱ्यात खापरांचा एक दाट पुंजका होता, एवढासा, तो आम्हाला कुंभाराच्या आव्याची जागा वाटत होता. त्याचा उलगडा आबांच्या घरच्या आजींनी केला. जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं होतं. माळवदावर पाणी गळू नये म्हणून पांढरीच घालायची, दरसाल नवा थर. भूकंपानंतर डोक्यावर माती नको म्हणून लोकांनी माळवदं उतरवून पत्रे घातले. उतरवलेली माती त्या कोपऱ्यात नेऊन टाकली. म्हणजे काही खापरं जमिनीतून निघून छपरावर गेली, तिथं पिढ्यान्‌पिढ्या बसली आणि भूकंपानं परत जमिनीवर आणली. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मायकल शिफर यांनी वस्तू वापरातून जमिनीत आणि जमिनीतून पुन्हा वापरात कशा फिरतात याची मांडणी केली, तो त्यांचा गाजलेला लेख नेमका १९७२चा. आजींनी तेच मोरीजवळ भांडी घासता घासता सांगितलं.

राहिली उत्तरेची सरळ रेघ. बांधापलीकडचं रान आबांच्या चुलत्याच्या वाटणीचं. तिकडं माती गेली नाही. का गेली नाही, ते आबांनी सांगितलं.

इथवर आलं की मानवशास्त्राचा अभ्यासक वही मिटतो: सांगणारा आहे, सांगणं सुसंगत आहे, दुसऱ्या माणसाकडून दुजोरा आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक मिटत नाही. आठवणी चुकतात, माणसं आपल्या बापाचं काम मोठं करून सांगतात. आबांच्या बोलण्याशिवाय ही गोष्ट उभी राहते का, हे बघायला हवं होतं, आणि त्या कामात विद्यार्थिनीनं जी हुशारी दाखवली ती मला सगळ्यात आवडते.

तिनं आधी खापरांचा आकार मोजला. पांढरीच्या उतारावरची तळहाताएवढी, कडा धारदार. रानातली रुपयाच्या नाण्याएवढी, कडा गोटीसारख्या घासलेल्या: नांगर, वखर, पाऊस, पन्नास वर्षं. मग तिनं सरमिसळ पाहिली. पांढरीवर ओहोळानं कापलेल्या कडेला खालच्या अंगाला एका काळाची खापरं आणि वरच्या अंगाला दुसऱ्या काळाची, असा काहीतरी क्रम दिसतो. रानातल्या एकाच मुठीत सातवाहनकाळातलं लाल झिलईचं खापर, काचेच्या बांगडीचा तुकडा आणि चिलमीचं तोंड. चिलीम महत्त्वाची. तंबाखू दख्खनेत आली ती सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर. ज्या मातीत चिलीम मिसळलेली आहे ती त्यानंतर कधीतरी हललेली माती. आबा काहीही म्हणोत, एवढं चिलीमच सांगते.

आणि शेवटी विहीर. त्याच रानात आदल्या वर्षी खोदलेली, अजून बांधकाम न झालेली. खोदायला परवाना लागतो, पण खोदलेल्या विहिरीच्या कडेला बघायला कोण अडवणार? दोरीला धरून ती आणि तिचा भाऊ उतरले. वरचा फूटभर नांगरटीचा थर, त्यात खापरं. त्याखाली काळीभोर माती, स्वच्छ. मग चुनखडीचे खडे आणि खाली मुरूम. राख नाही, जमीन चोपलेली नाही, चूल नाही. दोन फुटांवर तीन-चार चिल्लर तुकडे मिळाले तेव्हा मी पुन्हा आशेनं सरसावलो होतो, हेही कबूल करतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगा हातभर खोल जातात आणि वरचं खापर सरळ आत पडतं. पावसात माती फुगली की भेग मिटते. ते तुकडे अशाच भेगेत ओळीनं होते. तिनं फोटो काढून दाखवला आणि मी गप्प बसलो.

एक वाट मात्र बंद झाली. जुनी वस्ती ओळखायला आम्ही मातीतला स्फुरद तपासतो, माणूस राहिला की तो वाढतो. पण पांढरीचं खत घातलेल्या रानातही तो वाढलेलाच असणार. त्या तपासणीचे पैसे आराखड्यात धरलेले होते, ते वाचले.

वस्ती पुन्हा साडेचार एकरांची झाली. बैठकीत मथळा मागं घेताना थोडं ओशाळल्यासारखं झालं. खरा गुंता मात्र त्या बैठकीतच सुरू झाला. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, ‘हे सांगणाऱ्या शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश प्रबंधात कुठं आहेत? उद्या कुणाला तपासायचं झालं तर?’ पुरातत्त्वाच्या बाजूनं प्रश्न रास्त. सहमार्गदर्शक बाई लगेच म्हणाल्या, माहिती देणाऱ्याची ओळख उघड करायची नाही ही आमची पहिली अट. तीही रास्त. मी मध्ये बसलेलो. चौकोनांच्या नकाशावर अक्षांश-रेखांश दिले की रान कळतं, रान कळलं की सातबारा निघतो, सातबारा निघाला की आबा उघडे. नाव लपवून जागा दाखवणं म्हणजे तोंडावर रुमाल बांधून आधार कार्ड हातात देण्यासारखं.

आणि आबांनी माती-बैलांच्या पलीकडंही एक गोष्ट सांगितली होती. पांढरी खणताना एकदा एक मोगा फुटला आणि त्यातून शिशाचे बिल्ले निघाले, ओंजळभर. सातवाहनांची नाणी बरीचशी शिशाची असतात. कुणाला कळलं नाही ती काय होती. तेरणेवरच्या भोयांनी मागून नेली आणि जाळ्याला वजन म्हणून लावली. आबा हे सांगत होते तेव्हा त्यांचा नातू तिथं होता. तो म्हणाला, ‘ताई, हे लिहू नका.’

नातवाची भीती वेडगळ नव्हती. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, हा १८७८चा निखात निधी कायदा अजून आहे. (ओंजळभर शिशाला त्या वेळी मोडीत दहा रुपये आले असते का, हा प्रश्न आम्ही आपसात बराच चघळला.) त्याची दुसरी भीती जास्त खरी होती. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीची कटकट, ही २०१०ची दुरुस्ती स्मारकं असलेल्या गावांत पोराटोराला पाठ असते. ‘तुम्ही पुस्तकात लिहिणार, मग पाटी लागणार, मग आमचं घरकुल अडकणार.’ विद्यार्थिनीनं समजावलं की तो नियम केंद्रानं संरक्षित घोषित केलेल्या स्मारकांना आहे, प्रबंधात नाव आलं म्हणून रानावर पाटी लागत नाही. ‘पण पुढं कधी लागणारच नाही, असं लिहून देता?’ ते ती देऊ शकत नव्हती. कुणीच देऊ शकत नाही.

संमतीपत्राचा प्रसंगही याच सुमाराचा. आमचं छापील पत्र इंग्रजीत होतं. तिनं मराठीत करून नेलं, आबांनी वाचायला लावलं, मान डोलावली आणि सही करायला नकार दिला. ‘सही केली की काय जातं ते आमाला ठावं हाय.’ शेवटी बोललेली संमती रेकॉर्डरवर घेतली. समितीला तेही कमी वाटलं. बाईंनी तिथं जो आवाज चढवला तसा मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता.

तोडगा निघाला तो दोन्ही बाजूंना निम्मा पटणारा. प्रबंधात गावाला सांकेतिक क्रमांक, नकाशावर अंतरं आणि दिशा खऱ्या, पण अक्षांश-रेखांश नाहीत. खऱ्या जागांची यादी वेगळ्या परिशिष्टात, ती सार्वजनिक प्रतीत बांधायची नाही, विभागात राहील, अभ्यासकाला कारण सांगून पाहता येईल. यामागं केवळ आबा नव्हते. जीपीएसचा आकडा इंटरनेटवर गेला की रात्री मेटल डिटेक्टर घेऊन येणारे लोक आहेत, आणि पांढरीला त्यांच्यापासून जपायला तिथं पहारेकरी नाही. शिशाच्या नाण्यांबद्दल विद्यार्थिनी आणि मी भांडलो. मला ती हवी होती, वस्तीच्या काळाचा तो धागा होता. ती म्हणाली, वगळू. मी म्हणालो, आबांनाच विचार.

बाईंचा आग्रह असा की लिहिलेलं ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवायचं. प्रबंध इंग्रजीत, म्हणून तिनं ते प्रकरण मराठीत लिहून काढलं आणि श्रावणात एका दुपारी आबांना वाचून दाखवलं. मीही गेलो होतो, त्या रानात पहिल्यांदाच. आबा डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा दुरुस्ती केली: बैलं एक जोडी नव्हती, दीड होती, एक बैल शेजाऱ्याबरोबर सारखेपात. शिशाचे बिल्ले आले तेव्हा नातवानं मान खाली घातली. आबा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. लिव्ह. या वयात मला काय फाशी देनार हायत?’

मग उत्तरेच्या बांधाचा परिच्छेद आला. माती पलीकडं का गेली नाही, ते तिनं आबांच्या शब्दांत लिहिलं होतं. तीन-चार वाक्यंच, साधी, कुणाला दोष न देणारी. आबांनी डोळे उघडले.

‘हे काड.’

तिनं विचारलं, यात नाव नाही, गाव नाही. आबा म्हणाले, ‘नाव नसलं तरी त्येला कळंल.’ चुलत्याचा नातू लातूरला कॉलेजात शिकवतो, वाचणारा माणूस आहे. दोन घरं एवढ्या वर्षांनी या उन्हाळ्यात एका लग्नात पंक्तीला बसली होती.

आम्ही कायद्याकडं बघत होतो, नाण्यांकडं बघत होतो, मेटल डिटेक्टरकडं बघत होतो. आबांच्या लेखी यातलं काहीच झाकायचं नव्हतं. झाकायचं होतं ते नेमकं तेच, ज्यावर त्या नकाशाची सगळ्यात सुंदर रेघ उभी होती. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं विसाव्या शतकातल्या एका वाटणीच्या आकारात पसरली आहेत, हे वाक्य मी मनात कितीदा घोळवलं होतं. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरचं काम डेक्कन कॉलेजात, सांकलियांच्या पुरातत्त्वाला लागूनच केलं. तिथल्या परंपरेत वाढलेल्या कुणालाही हे उदाहरण हवंसं वाटेल.

परतताना गाडीत विद्यार्थिनी बोलली नाही. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणालो, शब्द बदलून ठेवता येईल. ती म्हणाली, ‘सर, शब्द बदलले तरी त्याला कळेल.’

छापील प्रबंधात त्या आकृतीखाली एवढंच आहे: ‘खापरांच्या पसाऱ्याची उत्तर हद्द विद्यमान मालकी हद्दीशी जुळते.’ या लिखाणातही त्याहून जास्त नाही, आणि जे बदललेले तपशील म्हणालो त्यातला एक याच भागातला आहे.

तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक जुने, क्षेत्रकामात मुरलेले. त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं.

‘पूर्वेकडं विरळ होत जातं ते समजलं, बैलं विकली. विहीर पटली. चिलीम तर फारच छान. पण इथं माती बांध ओलांडत नाही. का?’

‘पलीकडच्या गटाचा मालक वेगळा होता, सर.’

‘भावकीच असणार की. खताची माती भावकीत जाते.’

‘इथं गेली नाही.’

ते थांबले. चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पाण्याचा ग्लास उचलला. सहमार्गदर्शक बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

‘बरं,’ ते म्हणाले, आणि पान उलटून लाल झिलईच्या काठांबद्दल विचारायला लागले.